घाबरट मांजर, लांबचा प्रवास आणि मनाला लागलेली टोचणी

लग्नसराई तोंडावर आहे. सातारा-सांगलीहून पुण्या-मुंबईकडे निघताना घाबरट मांजराचं काय करता? न्यावं तर त्याचं ओरडणं ऐकवत नाही, ठेवावं तर जीव टांगणीला. जमलेले उपाय नेमके लिहा. मनीचं कौतुक नको.

माहुलीकर:
दोन-तीन दिवसांचं काम असेल तर नेऊच नका. मांजर आपल्या जागेला धरून असतं, घरीच बरं राहतं. ओळखीच्या कुणीतरी दिवसातून दोनदा यायचं, ताजं पाणी आणि खाणं ठेवायचं, शी-शूच्या ट्रेमधली घाण झालेली वाळू, म्हणजे लिटर, काढायचं. लिटरमधले लघवीचे गोळे मोजायला मात्र बजावून सांगा. बोका सारखा ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाही, तर ते उद्यावर टाकायचं नाही. मार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

पेठनाका:
न्यायचंच असेल तर कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, कडक प्लास्टिकचा, वरूनही उघडणारा. कापडी पिशवीची चेन घाबरलेला बोका नखांनी सरकवतो. निघण्याआधी तीन आठवडे तो दार काढून हॉलमध्ये ठेवा, आत तुमचा न धुतलेला टीशर्ट, जेवणाची वाटीही आतच. मग दार लावून दोन मिनिटं, मग उचलून जिन्यापर्यंत, मग उभ्या गाडीत, मग इंजिन सुरू, मग कॉलनीला एक चक्कर. कुठे खाणं सोडलं तर एक पायरी मागे या. माळ्यावरचा कॅरियर फक्त दवाखान्याच्या दिवशी खाली आला, तर मांजर पलंगाखाली पळणारच, त्यात त्याचा काय दोष?

वळणदार:
मोठ्या मांजराचं खाणं निघण्याआधी चार-सहा तास बंद, पाणी चालू. तळाला लघवी शोषणारं पी पॅड, वर जुना टॉवेल, एक जादा जोड हाताशी. कॅरियर पुढच्या सीटमागे पाय ठेवतो तिथे घट्ट बसवा, सीटवर तो ब्रेकसरशी घसरतो. वर पातळ सुती ओढणी, पण एक जाळी हवेला मोकळी. खंबाटकीच्या वळणांवर लाळ गळली, ओकारी आली तर बहुतेक वेळा ते गाडी लागणं असतं. त्याचं औषध वेगळं मिळतं, डॉक्टरांना आधीच विचारा. तोंड उघडून धापा टाकू लागलं तर मात्र लगेच सावलीत थांबा, एसी वाढवा. थांबलं नाही तर सरळ दवाखाना.

आणि टोचणीचं म्हणाल, तर खरा घोटाळा तीच करते. दया येऊन चालत्या गाडीत दार उघडलं की मांजर थेट ब्रेकच्या पेडलखाली. आणेवाडीला टोलसाठी काच खाली झाली की उडी बाहेर. ओरडू द्या.

हरिपूर रोड:
वरच्या सगळ्याला दुजोरा. भीती फार असेल तर डॉक्टर गॅबापेन्टिन हे शांत करणारं औषध देतात, साधारण दोन-तीन तास आधी. डोस वजन बघून तेच ठरवतात. आधी एकदा घरी देऊन बघा. काही मांजरं त्याने झोकांड्या खातात, तेव्हा उंच कपाटावर चढू देऊ नका. माणसाची पॅरासिटामॉल कधीच नको, मांजराला ती विष आहे. फेरोमोनचा, म्हणजे मांजराला शांत करणाऱ्या गंधाचा, स्प्रे पंधरा मिनिटं आधी कॅरियरमध्ये मारायचा, ओला असताना मांजर आत घालायचं नाही. काहींना लागू पडतो, काहींना ढिम्म फरक नाही.

माहुलीकर:
पोचल्यावर एकच खोली, खिडक्या बंद, ट्रेमध्ये घरच्या जुन्या लिटरची मूठ. कॅरियर उघडा ठेवून तुम्ही बाजूला व्हा, हात घालून ओढू नका. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन.