एकच परदेशी भाषा फाडफाड बोलता आली, तर कोणती घेसान?

सेतूवाला_दारव्हा
राजेहो, काल संध्याकाळी लाईन गेली, दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला म्हणून पानठेल्यावर जाऊन बसलो, तिथं शेजारच्या काकाचं पोरगं पुण्याहून आलेलं, ते जपानी शिकून राह्यलं, एन-फोर नावाची परीक्षा पास झालं म्हणे, अन् त्याच्यावरून जो विषय निघाला तो लाईन आली तरी संपला नाई. एक जण म्हणे जर्मन, एक म्हणे चायनीज शिका, पुढं तेच लोकं राज्य करणार हाय. पानवाला म्हणे मले हिंदी धड येत नाई, तुमी कुठं जपानले निघाले बे, पहिले मागची उधारी द्या.

तर सांगा. उद्या सकाळी उठलो अन् एक परदेशी भाषा आपोआप तोंडात आली, क्लास नाई, फी नाई, परीक्षा नाई, तर कोणती पाहिजे? इंग्रजी सोडून सांगजा, नाईतर सगळे तेच लिहून मोकळे होतीन. अन् नोकरी लागते म्हणून असं नका सांगू, कोणासोबत बोलायचं हाय ते सांगा.

मले अरबी पाहिजे. हसू नका. माझं सेवा केंद्र हाय, जुलै महिना पीकविम्याचे अर्ज भरण्यातच जाते. मागच्या साली आमच्या गावचे एक चाचा आले सातबारा काढाले, सौदीत ट्रक चालवून म्हातारपणी परत आलेले. स्क्रीनवर 'हंगाम : खरीप' दिसलं तर म्हणे हे त अरबी हाय. खरीफ म्हणजे पानझड, रबीअ म्हणजे वसंत. म्हटलं चाचा, खरीप त पावसाळ्यात असते न. म्हणे पेरता पावसाळ्यात, पण माल घरी कवा येते? तवा कुठं डोक्यात उजेड पडला. मंग चाचानं खुर्चीच ओढली अन् फॉर्मवर बोट ठेवत गेले, तहसील अरबी, जिल्हा अरबी, मौजा, अर्ज, कर्ज, रक्कम, वारस, नक्कल, सगळं तिकडचं. जमीन अन् हंगाम तेवढे फारसी. मागं लाईनीत आठ कास्तकार उभे, एकानंबी घाई नाई केली. दहा साल झाले मी दिवसभर अरबी टाईप करून राह्यलो अन् मलेच पत्ता नाई!

चाचा अजूनबी ईदले तिकडच्या जुन्या मालकाले फोन लावतेत. घशाच्या खालून आवाज काढतेत, अन् बोलताना मानूसच दुसरा होते, आमच्यासोबत कधी एवढ्या जोरात हासत नाई. ते काय बोलतेत ते समजलं पाहिजे, बाकी काई नाई.

संत्रा_वरूड
बांगला. अन् आजच पाहिजे.

आमचा आंबिया बहाराचा संत्रा बांगलादेशात जाते, म्हणजे जात होता म्हणा, तिकडच्या सरकारनं 2019 पासून आयात शुल्क वाढवत वाढवत असं नेलं का आता थोडाच जाते. परवा व्यापारी बागेत आला. दोन संत्रे फोडून खाल्ले, साल बोटानं दाबून पाह्यली, फांदी हालवून पाह्यली, मंग झाडाखाली उभा राहून फोन लावला अन् दहा मिनिट बांगलात बोलला. मी बाजूले. त्यातलं मले दोनच शब्द समजले, 'कोमला' म्हणजे संत्रा अन् 'टाका' म्हणजे पैसा. मधातला आकडा काई समजला नाई. फोन ठेवून म्हणे, भाऊ, तिकडं मार्केट डाऊन हाय. आता तिकडं डाऊन हाय का ह्याच्या फोनातच डाऊन हाय, हे मी कसं समजावं? गळ सुरू झालेली, डिंक्या रोगानं दोन ओळी गेलेल्या, देऊन टाकली बाग ठोकात.

अन् त्या चायनीजवाल्याले सांगजा, चायनीज भाषेले मँडरिन म्हणतेत न, आपल्या नागपुरी संत्र्याची जातबी मँडरिनच हाय. आमी तेवढी पिकवतो, बोलाची जबाबदारी त्यानं घ्यावी.

मुलचेऱ्याहून
बांगला परदेशी कधीपासून झाली भाऊ? आमच्या गडचिरोलीतल्या मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोकांची गावंच्या गावं आहेत, बाजारात मासोळी घ्यायची तर बांगलातच भाव करावा लागतो. माझ्या वर्गात अर्धे पोट्टे बांगला बोलायचे आणि आम्ही त्यांच्याकडून पहिले शिव्या शिकलो, मग बाकीचं.

तुम्हाला घाबरण्यासारखी नाही ती भाषा. मराठीत गेला-गेली-गेलं करता करता माणूस दमतो, तिकडे क्रियापदाला बाईमाणूस-गडीमाणूस काही नाही, 'आमि जाबो' म्हणजे मी जाईन, कोणीही म्हणो. भाव विचारायचा तर 'कोतो दाम'. गिऱ्हाईक असाल तर 'कॉम कोरुन', म्हणजे कमी करा. पण तुम्ही विकणारे आहात, तुमच्या कामाचं हे घ्या : 'दाम बाड़ान'. म्हणजे भाव वाढवा. पाठ करून ठेवा.

संत्रा_वरूड
दाम बाड़ान. लिहून घेतलं, मोटरच्या पेटीवर चॉकनं लिहून ठेवतो.

अर्जुनीची_सिस्टर
मी जर्मन शिकते आहे, बी-वन लेव्हल झाली, बी-टू चालू आहे, त्यामुळे मला वाटलं होतं मी इथे जर्मनच लिहीन. 2024 ला आपल्या सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यासोबत करार केला तेव्हापासून नर्सिंगवाल्या प्रत्येक मुलीच्या घरी हा विषय निघतो, आमच्याकडे पण निघाला, एका एजंटने वीस हजार घेतले आणि फोन उचलणं बंद केलं ते वेगळंच रामायण आहे, जाऊ द्या.

भाषा म्हणाल तर मराठी माणसाला सोपी जाते अशा काही जागा आहेत. आमच्या क्लासमधले हिंदीवाले तीन लिंगं बघून रडतात, आपल्याला तो-ती-ते जन्मापासून आहे. फक्त कोणाला काय हे त्यांनी कोणत्या मुहूर्तावर ठरवलं देव जाणे, चमचा तो, काटा ती आणि सुरी ते! मुलगी म्हणजे 'मेटशेन', ती पण ते. सगळे हसले, मी नाही हसले, आमची आजी मला अजून "ते पोरगं कुठं गेलं" म्हणूनच विचारते. आणि एकवीसला ते 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश' म्हणतात, आधी एक मग वीस, आपल्यासारखंच. सर म्हणाले इंग्रजीतून विचार कराल तर अडकाल, तेव्हापासून मी आकडे मराठीतूनच करते.

पण आपोआप तोंडात येणार असेल, फुकटात, तर मला जर्मन नको. ती मी घासून घासून घेणारच आहे. मला तिबेटी पाहिजे.

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, 1972 पासून, नोर्ग्येलिंग नाव तिचं, आम्ही सगळे कॅम्पच म्हणतो. हिवाळ्यात स्वेटर विकायला बसतात ते लोक. माझी अकरावी-बारावीची मैत्रीण तिथलीच. तिच्या घरी गेले की तिची आई, तिला ती 'आमा-ला' म्हणायची, मला हिंदीत विचारणार जेवली का, आणि मैत्रीण तर मराठी अशी बोलायची की नुसतं ऐकून कोणी म्हणणार नाही. मला त्यांच्यातलं काय येतं? 'ताशी देलेक'. पन्नास वर्षं झाली शेजारी राहून आणि सगळ्या तालुक्याला तेवढंच येतं, नमस्कार.

एकदा तिने वहीत तिची अक्षरं काढून दाखवली, का खा गा ङा, आपलीच ओळ! आणि त्यांच्यात मोठ्या माणसाच्या हाताला शब्दच वेगळा, आपला हात तो 'लाक्पा' आणि लामांचा हात तो 'छाक'. मी म्हटलं आमच्यात हात एकच, फक्त 'तुमचा' लावला की झालं. तर ती म्हणाली, मग तुमच्यात रागावणं सोपं आहे. लग्न होऊन ती आता कर्नाटकात असते, फोनवर मराठीतच बोलतो. ती स्वतःच्या आईसोबत भांडायची तेव्हा मी तिथेच चहा पीत बसलेली असायची आणि मला एक अक्षर कळायचं नाही. एकदा तरी ते भांडण समजून ऐकायचं होतं.

मास्तर_वाशीम
वर सगळ्यांनी छान लिहिलं. माझी पसंती पोर्तुगीज, कारण ब्राझील. जगात सर्वात जास्त सोयाबीन तिथं होते आणि त्यातही मातो ग्रोसो राज्यात. आमच्याकडे 2024 ला हमीभाव 4892 रुपये क्विंटल होता, मार्केटात त्याच्यापेक्षा किती कमीनं विकलं ते इथं लिहून बीपी वाढवत नाही. अडत्याला विचारलं तर तो म्हणतो ब्राझीलचं पीक चांगलं आहे. पाऊस कमी तरी ब्राझील, जास्त तरी ब्राझील, माझ्या पोत्यात ओल निघाली तरी ब्राझील. तर मला तिथला एक कास्तकार पाहिजे, त्याला विचारायचं आहे की बाबा, तुझा अडत्या तुला कोणाचं नाव सांगतो?

अर्ध्या वस्तूंची नावं त्यांचीच वापरतो आपण. चावी, साबण, पगार, पाव, बालदी. बटाटापण त्यांचाच, पण तो पुण्या-मुंबईवाल्यांना ठेवा, आपण आलूच म्हणतो. आणि घमेलं! तेपण पोर्तुगीज, 'गामेला'. शेण काढायचं घमेलं समुद्रावरून आलेलं आहे हे मी सातवीच्या वर्गात सांगितलं तर एक पोरगं म्हणे, सर, मग त्यांच्यात शेण कशात काढत होते? बसलो गप्प.

काहीच_नाही_पाहिजे
एवढं टाईप करेपर्यंत मोबाईलमधे ट्रान्सलेटर टाकला असता न भाऊ. बोला मराठीत, तिकडं निघते अरबी. फुकट हाय. अन् एवढीच हौस असन त पहिले गोंडी शिका, दोन कोसावर आदिवासींचं पोड हाय तिथलं काई समजत नाई अन् निघाले ब्राझीलले.

सेतूवाला_दारव्हा
गोंडीचं बरोबर बोलला भाऊ, ते लागलं. परदेशी म्हटलं म्हणून सुटलो मी, नाईतर माझ्याच केंद्रात कोलामाची एक म्हातारी येते, तिचं बोलणं तिचा नातू मले मराठीत करून सांगते. आधारवर बोट उमटत नाई तवा ती काईतरी म्हणते अन् नातू हासते, मले नाई सांगत.

ट्रान्सलेटर मी चाचासमोर लावून पाह्यला होता बाप्पा. चाचानं मोबाईलकडं पाह्यलं अन् मराठीत म्हणाले, याले सांग पहिले सलाम कर.

मुलचेऱ्याहून
वरूडवाले भाऊ, झाला का प्रयोग?

संत्रा_वरूड
झाला. काल शेजारच्या बागेत तोच व्यापारी आला, मी मुद्दामच गेलो. त्याचा फोन चालू होता, जवळ जाऊन मोठ्यानं म्हटलं, दाम बाड़ान! इकडं व्यापारी गप, तिकडून दोन सेकंद काईच आवाज नाई, अन् मंग तो तिकडचा मानूस जे बोलाले लागला ते पाच मिनिट थांबलाच नाई. मले वाटते चांगलं बोलला. का शिव्या देल्या माईत नाई. रेकॉर्डिंग केलं हाय, तुमाले पाठवतो, जरा ऐकून सांगा.