मदत हवी आहे: चिऱ्याच्या मंडपावर बांबूची कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) टिकेल का?

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या आमच्या वाडीत देवळासमोर बैठका, भजनं आणि दशावतारासाठी ४० बाय २५ फुटांचा उघडा मंडप बांधायचा आहे. चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, जवळच्याच खाणीतले.

मागे धर्मशाळेच्या जुन्या चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. दोनच पावसाळ्यांत पोपडे सुटले. नखाने खरवडलं तर आत चिरा ओलाच. जांभा सच्छिद्र, त्यातली ओल सिमेंट बाहेर पडू देत नाही. म्हणून या वेळी दर्जा (चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटी) चुन्यातच भरायच्या, यावर मी ठाम आहे. वाडीलाही ते पटलंय.

अडलंय ते छपरावर. पत्रा नकोच, पावसात त्याखाली भजन ऐकू येत नाही. सागवान परवडत नाही. म्हणून माणगा बांबूची कैची आणि वर मंगलोरी कौलं, असा विचार आहे. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू मुरवला की भुंगा लागत नाही, पण पावसाच्या माऱ्यात हे क्षार धुऊन जातात. मग वळचणीकडची टोकं कशी राखायची? छप्पर भिंतीबाहेर किती काढायचं? दशावतारासाठी मध्ये खांब नको. २५ फुटांचा गाळा (आधारांमधलं मोकळं अंतर) बांबूची कैची कौलांच्या वजनासकट पेलेल का?

कोकणात असं काम स्वतः केलेल्यांनी कृपया सांगा. कळीचा चुना पाण्यात विरवून मुरवणारा जाणता गवंडी माहीत असेल तर तेही कळवा. चिरे दिवाळीनंतर उतरतील, त्याआधी आराखडा पक्का करायचाय.