मदत हवी आहे: गोठण्याच्या आलेखात आडवी रेषा मिळत नाही

नमस्कार. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. अवस्था बदलत असताना तापमान स्थिर राहतं, हे वाक्य मुलांना तोंडपाठ आहे. पण 'खालून आच चालू असताना वितळत्या बर्फातली तापमापी शून्यावरून का हलत नाही?' असं विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणून यंदा फळ्यावर आलेख काढून न देता मोजमाप मुलांकडूनच करून घेते आहे.

परीक्षानळीत स्टिअरिक आम्ल घेऊन गरम पाण्यात वितळवायचं, ८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की नळी गार पाण्याच्या चंचुपात्रात ठेवायची आणि दर ३० सेकंदांनी तापमान लिहायचं. पुस्तकात ६९ अंशांना आडवी रेषा आहे. मुलांना मिळते ती उतरती रेषा, आणि तीही ६० च्या खाली. काही गटांत तर तापमान एकदा खाली जाऊन पुन्हा वर चढलं. त्या मुलांनी ते आकडे खोडून 'बरोबर' आकडे लिहिले. मला खरी काळजी त्याचीच वाटते. डोळ्यांनी पाहिलेलं खोडून पुस्तकातलं लिहायची सवय लागली, तर प्रयोग करून काय उपयोग?

रेषा आडवी यावी म्हणून काय बदलू? आणि तापमान वर चढलं ते कसं समजावू? उकळण्याबद्दलही काही सोपं सुचवाल का? पाण्यातले बुडबुडे हवेचे किंवा हायड्रोजन-ऑक्सिजनचे असतात, असं निम्मा वर्ग म्हणतो.

प्रतिसाद १

तुमच्या मुलांचे आकडे चुकीचे नसावेत. साध्या प्रतीचं स्टिअरिक आम्ल बहुधा पामिटिक आम्लाबरोबरचं मिश्रण असतं. मिश्रण शुद्ध पदार्थापेक्षा कमी तापमानाला गोठतं आणि गोठतानाही तापमान हळूहळू उतरत राहतं. बाटलीवरची शुद्धता आधी वाचा. मेणाचंही असंच होतं, त्यामुळे मेणाकडून आडव्या रेषेची अपेक्षा नको. जमलं तर लॉरिक आम्ल मागवा. त्याचा द्रवणबिंदू सुमारे ४४ अंश आहे, त्यामुळे फार कढत पाणीही लागत नाही.

दुसरं कारण गार पाणी. नळीच्या काचेला लागून आधी घट्ट थर जमतो, मध्ये द्रव राहतो, आणि तापमापीचा फुगा काचेला टेकला असेल तर तो त्या थराचं तापमान दाखवतो. नळी पाण्यात न ठेवता रिकाम्या शंकुपात्रात उभी करा. भोवतीच्या हवेमुळे ती सावकाश निवते. पदार्थ थोडा जास्त घ्या, फुगा मधोमध ठेवा आणि घट्ट होईपर्यंत तारेच्या ढवळणीने हलकेच ढवळा. शेवटी तापमापी आत अडकते. ती ओढू देऊ नका, नळी पुन्हा गरम पाण्यात धरून सोडवा. नॅफ्थॅलीन मात्र वर्गात नकोच, त्याची वाफ श्वासातून जाणं चांगलं नाही.

प्रतिसाद २

खोडलेले आकडे परत लिहायला लावा, कारण त्या प्रयोगातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. द्रव कधी कधी गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहतो, याला अतिशीतन म्हणतात. पहिला स्फटिक धरला की गोठणं झपाट्याने सुरू होतं आणि त्यातून सुटलेली उष्णता तापमान पुन्हा वर नेते.

हेच ठळक दाखवायचं असेल तर हायपोचे स्फटिक घ्या, म्हणजे स्फटिकजल (स्फटिकात बांधलेलं पाणी) असलेलं सोडिअम थायोसल्फेट. ते सुमारे ४८ अंशांना वितळतात. काटेकोरपणे बोलायचं तर ते स्वतःच्याच स्फटिकजलात विरघळतात, पण उष्णतेचा हिशेब समजायला त्याने अडत नाही. स्वच्छ नळीत पूर्ण वितळवा, तोंडाला कापूस लावा आणि धक्का न लावता खोलीच्या तापमानापर्यंत निवू द्या. मग हायपोचा एकच कण टाका. स्फटिक सरसर वाढतात आणि नळी हाताला गरम लागते. गोठताना उष्णता बाहेर पडते हे ज्याने हाताने अनुभवलं, त्याला अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता अवस्था बदलताना घेतली किंवा सोडली जाणारी उष्णता, वेगळा पाठ करावा लागत नाही.

त्यानंतर बर्फाचा आकडा सांगा. ० अंशाचा १ ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ३३४ ज्यूल लागतात. तेवढ्यात १ ग्रॅम पाणी ० पासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापलं असतं. उष्णता मिळत होती, ती कणांमधली बांधणी सैल करण्यात खर्च झाली.

धागाकर्ती

मनापासून आभार. बाटलीवर शुद्धतेचा उल्लेखच नाही, म्हणजे मिश्रण असण्याची शक्यता दाट आहे. आता शुद्ध आणि साधा असे दोन्ही नमुने वेगवेगळ्या गटांना देऊन आलेख शेजारी-शेजारी लावावेत असं वाटतंय. उकळण्याचं तेवढं राहिलं.

प्रतिसाद ३

दोन्ही नमुन्यांची कल्पना फार छान आहे, नक्की करा.

उकळण्यासाठी सुई नसलेली सिरिंज पुरते. पाणी आधी उकळून घ्या म्हणजे विरघळलेली हवा निघून जाईल, मग ६० अंशांच्या आसपास निवू द्या. सिरिंजमध्ये थोडं ओढा, हवेचा बुडबुडा काढून टाका, टोक टोपणाने बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे खेचा. आतला दाब कमी होतो आणि आच नसताना पाणी उकळतं. दट्ट्या सोडला की बुडबुडे जवळपास नाहीसे होतात. इथे थांबून मुलांना विचारा: ते हवेचे किंवा हायड्रोजनचे असते, तर असे क्षणात पुन्हा पाण्यात जिरले असते का? बुडबुडे पाण्याच्या वाफेचे आहेत, हे उत्तर सांगायची घाई करू नका, त्यांना भांडू द्या. गरम पाणी हातावर उडू शकतं, म्हणून चष्मे घालायला लावा आणि आधी एकदा स्वतः करून पाहा.