‘नोटोरियस’ साहेब, ‘बोअरिंग’ मी : इंग्रजी विशेषणांचे तुमचे अनुभव लिहा

साहेबांच्या निरोप समारंभात मी इंग्रजीत भाषण ठोकलं. ते वक्तशीरपणासाठी प्रसिद्ध, म्हणून ठणकावून म्हटलं, ‘नोटोरियस फॉर हिज पंक्च्युअ‍ॅलिटी’. वहीत ‘नोटोरियस = प्रसिद्ध’ असं लिहिलेलं होतं ना! ‘कुख्यात’ हा अर्थ जेवायच्या सुट्टीत कळला. त्या दिवसापासून वहीतला अर्थाचा रकाना बंद केला. आता शब्द आणि त्याखाली एक पूर्ण वाक्य, तेही ओळखीच्या माणसावर बेतलेलं. ‘क्लम्झी’पुढे ‘वेंधळा’ न लिहिता लिहिलं, ‘माय क्लम्झी ब्रदर नॉक्ड ओव्हर द इंक अगेन’. शाईचा डाग अजून टेबलावर आहे, शब्द कसला विसरतेय!

तुम्ही विशेषणं कशी शिकलात? फजितीसकट येऊ द्या.

*

माझ्या मते विशेषण एकटं शिकूच नये, त्याचा जोडीदार बघावा. आपण पांढरंशुभ्र, काळंकुट्ट, लालभडक म्हणतो. ‘काळंभडक’ म्हणून बघा, पोरंसुद्धा हसतील. हे कुणी शिकवलं नाही, कानावर पडत गेलं. इंग्रजीत मात्र मी कित्येक वर्षं ‘स्ट्राँग रेन’ म्हणत होतो. वारा ‘स्ट्राँग’, पाऊस ‘हेवी’. डोंगर ‘हाय’, माणूस ‘टॉल’. आता वहीत ‘हेवी’ असा सुटा शब्द नसतो. ‘हेवी रेन’, ‘हेवी ट्रॅफिक’, ‘हेवी स्मोकर’ अशी जोडपीच असतात.

आणि ‘पिच डार्क’! वाचताना डोळ्यांसमोर यायची क्रिकेटची खेळपट्टी. तिथे एवढा अंधार कशाला, कळेना. हा ‘पिच’ म्हणजे डांबरासारखा काळा, चिकट पदार्थ. आपला मिट्ट काळोख तो हाच. आपला ‘मिट्ट’ही काळोखाला सोडून फारसा कुठे जात नाही.

*

मुलाखतीत विचारलं, आहे ती नोकरी का सोडताय? मी म्हणालो, ‘बिकॉज आय अ‍ॅम बोअरिंग’. समोरचे तिघेही खाली कागदात बघायला लागले.

कंटाळलेला आणि कंटाळवाणा यांत मराठीत मी जन्मात गोंधळ केला नसता. आता ‘बोअर्ड-बोअरिंग’, ‘कन्फ्यूज्ड-कन्फ्यूजिंग’ अशा जोड्या एकाच वाक्यात कोंबतो : ‘द बोअरिंग स्पीच लेफ्ट अस बोअर्ड’.

*

स्वतःची वाक्यं करा हे ठीक, पण ती तपासणार कोण? मी चुकीचं वाक्य चांगलं घोटून पाठ केलंय, ते पुसायला दुप्पट वेळ गेला. म्हणून आधी कोशातलं वाक्य जसंच्या तसं उतरवते, मग त्यातला एकच शब्द बदलते. दुसऱ्या दिवशी आणखी एक. १९८७ साली आलेल्या ‘कोबिल्ड’ कोशात तर अर्थच पूर्ण वाक्यात दिलेला असतो, त्यामुळे शब्द कुठे नि कसा बसतो ते तिथेच दिसतं. शिकणाऱ्यांसाठीचा कोश घ्या. जाडजूड कोश अर्थ सांगताना आणखी तीन अवघड शब्द गळ्यात घालतो.

*

मी महिनाभर ‘व्हेरी’ वर्ज्य केला. ‘व्हेरी टायर्ड’ऐवजी ‘एक्झॉस्टेड’, ‘व्हेरी बिग’ऐवजी ‘ह्यूज’. उत्साहात एकदा ‘व्हेरी एक्झॉस्टेड’ लिहून बसलो. लेकीने ‘व्हेरी’ खोडून वर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ लिहिलं आणि म्हणाली, “बाबा, टोकाच्या शब्दाला ‘व्हेरी’ नाही लावायचा.”

*

विशेषणांच्या क्रमाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? आधी आपलं मत, मग आकारमान, वय, रंग, शेवटी कशाची बनलीय ते : ‘अ लव्हली लिटल ओल्ड ब्राउन वुडन बॉक्स’. नियम पाठ करण्यात अर्थ नाही, एवढी विशेषणं एकदम लावतंय कोण! हे एक वाक्य चार-पाचदा मोठ्याने म्हणा. मग ‘वुडन ओल्ड बॉक्स’ आपोआप कानाला खटकतं.

*

‘स्किनी’ ही स्तुती समजून मैत्रिणीला म्हणाले होते. ‘स्लिम’ म्हणायचं होतं. अर्थ दोन्हीकडे ‘बारीक’च लिहिलेला! तेव्हापासून शब्दापुढे अधिक किंवा उण्याची खूण करते. ‘थ्रिफ्टी’ म्हणजे काटकसरी, तो अधिक; ‘स्टिंजी’ म्हणजे कंजूष, तो उणे.

*

खुणेची युक्ती लगेच उचलली. आजच वही काढली, तर भावाने ती आधीच चाळलेली. ‘क्लम्झी’च्या वाक्याखाली त्याच्या अक्षरात, ‘माय स्पाइटफुल सिस्टर लेफ्ट द बॉटल ओपन’. ‘स्पाइटफुल’ कोशात बघावा लागला, निघाला ‘खुनशी’. पुढे उणे करून ठेवलंय.