‘एरागॉन’ मालिका: शेवटी जादूचा हिशेब मोडला का?

कोरीपाटी (धागाकर्ता)
रहस्यभेद आहे. ‘एरागॉन’ ते ‘इनहेरिटन्स’ (२०११) हे कादंबरीमालिकेचे चारही भाग ज्यांचे वाचून झाले नसतील त्यांनी इथूनच परत फिरावं.

ख्रिस्तोफर पाओलिनीने पहिल्याच भागात नायक एरागॉनच्या गुरूच्या, ब्रॉमच्या तोंडून नियम घालून दिलाय. एखादं काम हातांनी करायला जेवढी शक्ती लागते तेवढीच जादूनेही लागते, आणि ती मंत्र म्हणणाऱ्याच्या अंगातून जाते. लक्ष्य लांब असेल तर खर्च वाढतो. मंत्र मध्येच तोडायची सोय शब्दांत ठेवली नाही तर तो जीव जाईपर्यंत शक्ती ओढत राहतो. म्हणून तर सरावाची सुरुवात तळहातावरचा खडा उचलण्यापासून होते.

हा हिशेब दोन भाग चोख पाळला. तिसऱ्या भागात एल्डुनारी आले आणि सगळं ढेपाळलं. एल्डुनारी म्हणजे ड्रॅगनच्या छातीतलं रत्न. ते ड्रॅगनने जिवंतपणी बाहेर काढलं, तर देह गेल्यावरही त्याचं मन नि शक्ती त्यात टिकते. खलनायक राजा गॅल्बटोरिक्सकडे असे शेकडो. नायकालाही ऐन वेळी तिजोरीभर सापडतात. मग खर्चाची भीती उरली कुणाला?

ताकपिठलं
साफ असहमत. शक्ती साठवायची सोय आधीपासून आहे. दुसऱ्या भागात, ‘एल्डेस्ट’मध्ये, एल्फ जमातीचा गुरू ओरोमिस एरागॉनला कमरपट्टा देतो, त्यात बारा हिरे शिवलेले आहेत आणि ते शक्ती साठवण्यासाठीच. एल्डुनारी ही त्याचीच मोठी आवृत्ती.

आणि लढाई शक्तीवर अडतच नाही. बारा मृत्युशब्द, म्हणजे थोडक्या शक्तीत जीव घेणारे मंत्र, आठवा. एखादी नस चिमटायला कितीशी ताकद लागते? खरी अडचण कवचमंत्रांची (आधीच घालून ठेवलेल्या संरक्षक मंत्रांची) आणि पलटवाराची. शत्रूचं मन ताब्यात न घेता मंत्र टाकलात तर मरता मरता तोही टाकणार, म्हणजे दोघेही गेले. म्हणून जादूगार आधी मनाने भिडतात.

या नियमाचा सगळ्यात हुशार वापर मला विचाराल तर बंडखोर व्हार्डनची नेता नासुआदा हिची लेस. बारीक लेस विणायला माणसाला वेळ प्रचंड लागतो, पण प्रत्यक्ष जोर नगण्य. तिने जादूगारांना त्या कामाला बसवलं, लेस स्वस्तात विकली आणि व्हार्डनच्या फौजेचा खर्च काढला. लढाईच्या पानांपेक्षा इथे लेखकाचं डोकं जास्त चाललंय.

कोरीपाटी
लेसचं शंभर टक्के मान्य. पण शेवट बघा. मंत्र ज्या प्राचीन भाषेत म्हणतात तिचं खरं नाव गॅल्बटोरिक्सला सापडतं, म्हणजे इतरांचे मंत्र तो वाटेल तेव्हा निकामी करू शकतो. इथवर ठीक. मग त्याच्याच ताब्यातला ड्रॅगनस्वार मर्टाघ तेच नाव वापरून त्याची कवचं उतरवतो आणि एरागॉन चक्क शब्दांशिवाय मंत्र टाकतो! शब्दांविना जादू किती घातक हे शिकवण्यात ओरोमिसने वेळ घालवला तो कशासाठी?

वाटाड्या
घातक म्हणाला, अशक्य नाही. विचार भरकटला की मंत्र भरकटतो, एवढाच धोका आहे. शिवाय तो मंत्र इजा करायचा नव्हताच. गॅल्बटोरिक्सने दिलेलं दुःख त्याला स्वतःला कळावं, एवढंच त्यात होतं. मला तो शेवट पटला.

माझी तक्रार ब्रॉमच्या थडग्याची. पहिल्या भागात एरागॉनची ड्रॅगन सॅफिरा नाक टेकवते आणि वालुकाश्माचा हिरा होतो. हा खर्च कोणी भरला?

(सिनेमाचे दाखले कृपया नकोत, २००६च्या त्या प्रकारावर वेगळा धागा काढा.)

ताकपिठलं
ड्रॅगनची जादू नियमाबाहेरचीच दाखवलीय. सॅफिराला ती हवी तेव्हा करता येत नाही, म्हणून लेखकाला ती हत्यारासारखी काढता येत नाही. पळवाट आहे, पण कुलूप लावलेली.

कोरीपाटी
किल्ली लेखकाच्याच खिशात आहे हो! दुष्ट जादूगार दुर्झाने पाठीवर केलेला वार ‘एल्डेस्ट’मध्ये एरागॉनला वारंवार आकडी आणतो, तलवारीचा सराव अर्ध्यावर सोडायला लावतो. पुस्तकातला सर्वात खरा खर्च तोच. एल्फांच्या रक्तशपथेच्या उत्सवात ड्रॅगनांची जादू तो एका रात्रीत पुसते, वर एल्फसारखी चपळाईही देते. लगेच पुढे बर्निंग प्लेन्सची लढाई. एल्डुनारी राहू द्या बाजूला, या रात्रीचा हिशेब आधी मांडा.