विषय: लॉच्या अॅडमिशनला टेस्टची सक्ती हवी का?

नमस्कार मंडळी,
लेक पुढच्या वर्षी इथे अमेरिकेत लॉ स्कूलला अप्लाय करणार, त्यामुळे सध्या घरात एलसॅट या प्रवेशपरीक्षेशिवाय दुसरा विषय नाही. त्याचं म्हणणं, चार वर्षं मरमर अभ्यास करून ग्रेड्स आणल्या आणि आता अडीच तासांच्या पेपरमधला 120 ते 180 मधला एक आकडा माझी लायकी ठरवणार? मला पटतं त्याचं. फी दोनशे डॉलरच्या वर, क्लासचे पैसे वेगळेच. नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या, लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या कौन्सिलने टेस्टची सक्ती काढायचं ठरवलं होतं, फेब्रुवारी 2023 मध्ये त्यांच्याच प्रतिनिधी सभेने ते फेटाळलं. चूक केली असं मला वाटतं.
शिल्पा

शिल्पाताई,
मी सध्या नाशिकला आईकडे आहे, तुझा मेल वाचला तेव्हा शेजारी पुतणी बसली होती, निफाडहून आलीये, तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीची तयारी करतेय. आपल्याकडे 2016 च्या आधी ही सीईटी नव्हतीच, मार्कांवर अॅडमिशन व्हायची. हिला बीएला 58 टक्के, तेही सकाळी द्राक्षबागेतलं काम उरकून एसटीने कॉलेज गाठून, आणि दुसऱ्या विद्यापीठात सढळ हाताने दिलेले 75, हे दोन्ही एका तराजूत कसे घालायचे सांग? सीईटीत निदान मोजपट्टी एक आहे, प्रश्न मराठीतही येतात, चुकलं तर मार्क कापत नाहीत. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा, मात्र फक्त इंग्रजीत आणि चुकलेल्या उत्तराला पाव मार्क वजा. तिथे माझा खरंच जीव तुटतो, कारण पोरीचं डोकं तल्लख आहे, इंग्रजी वाचायला वेळ लागतो एवढंच.

तिकडेही टेस्ट काढली की उरतं काय? कॉलेजचं नाव, शिफारसपत्रं, निबंध. ते आपल्या पोरांना जमतं गं, घरात आईबाप शिकलेले आहेत. 2022 मध्ये साठेक लॉ स्कूलच्या डीननी लिहिलं होतं की सक्ती गेली तर मागे राहिलेल्या समाजातल्या मुलांचंच नुकसान होईल, मला ते पटलं. आणि टेस्ट सुधारता येते, एका अंध उमेदवाराने दावा लावला, आकृत्या काढून सोडवायचे लॉजिक गेम्स ऑगस्ट 2024 पासून गेलेच ना. फीमाफीही मिळते, पण किती जणांना माहीत असतं? भांडायचं तर त्यासाठी भांडू.
मिलिंद

मिलिंद,
फीमाफीचं खरंच माहीत नव्हतं, मंडळाच्या पुढच्या मीटिंगला सांगूया सगळ्यांना. सक्तीबद्दल माझं मन अजून पूर्ण वळलेलं नाही. पण पुतणीकडे सरावाला कॉम्प्युटर आहे का? सीईटी ऑनलाइन असते ना. लेकाचा जुना लॅपटॉप चांगला चालतो, डिसेंबरात येतेय तेव्हा घेऊन येते.
शिल्पा