बोटीची ट्रॉली घरच्या गाडीमागे न्यायची आहे, सल्ला हवा

पवनीहून

मंडळी, नमस्कार.

यंदाचं वर्ष आम्ही गावाकडे आहोत, पवनीजवळ, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. चुलतभावाकडे 14 फुटी फायबरची नाव आहे, मागे लहान इंजिन बसतं. तिच्यासाठी नागपुरात दोन चाकांची ट्रॉली वेल्ड करून घेतली. दिवाळीनंतर ही नाव अर्जुनी मोरगावकडे न्यायची आहे. तिथल्या एका मामा तलावात (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना तलाव) भावाच्या सासरकडच्या ढिवर मंडळींची मासेमारी संस्था आहे, आणि तलावात माजलेली बेशरमची झुडपं उपटायला त्यांना डोंग्यापेक्षा मोठी नाव हवी आहे. घरात एर्टिगा आहे आणि इनोव्हा क्रिस्टा आहे. गावात जो तो म्हणतो, "ट्रॅक्टरला टोचन करा न भाऊ, काऊन डोकं लावता?" पण लाखांदूरमार्गे एवढ्या लांब पोट्टे आणि म्हातारे ट्रॅक्टरवर नेववत नाहीत. तिकडे अमेरिका-कॅनडात तुमच्यातले पुष्कळ जण मिनीव्हॅनमागे नाव नेतात. काय बघायचं ते सांगा.

मिनेसोटाहून

दादा, गाडी ओढेल का, ही काळजी सगळ्यात शेवटी करा. ओढतात सगळ्याच. मागचं ओझं घेऊन ती वेळेवर थांबेल का आणि काठावरून वर येईल का, हे आधी बघा.

इथल्या मिनीव्हॅनचं सांगतो: नव्या सिएनाला 3,500 पौंड, म्हणजे सुमारे 1,590 किलो, ओढायची परवानगी आहे. ओडिसीला 3,000 पौंड, आणि पॅसिफिका टोइंग पॅकेजसह घेतली तर 3,600. या आकड्यात नाव, इंजिन, पेट्रोलची टाकी, नांगर आणि ट्रॉली सगळं आलं. शिवाय गाडीच्या स्वतःच्या एकूण वजनाचीही मर्यादा असते. सात माणसं आणि सामान भरलं की तीच आधी ओलांडली जाते, कारण हुकाच्या गोळ्यावर येणारा ट्रॉलीच्या दांडीचा भारही गाडीच्याच खात्यात पडतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलरचा आकडाच नसेल, तर कंपनीने ती त्या कामाला दिलेली नाही असं धरा.

आता मुख्य गोष्ट. बंडी भरताना माल किंचित पुढे रचतात, जुवावर थोडा भार राहावा म्हणून. मागे जास्त झाला की बंडी उलार होते आणि जोतं बैलाच्या गळ्याला लागतं. ट्रॉलीचं हेच आहे. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा. कमी पडला की वेग वाढताच ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवी झुलू लागते आणि गाडीचा मागचा भाग सोबत ओढून नेते. अशा वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, जोरात ब्रेक दाबायचा नाही. जास्त भारही बरा नाही. मागून गाडी बसते, पुढची चाकं हलकी होतात, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं वळणं आणि बरंचसं थांबणं त्याच चाकांवर असतं. भार कमी निघाला तर हुकावर वजन ठेवून भागवू नका. नाव ट्रॉलीवर पुढे सरकवा, किंवा आसच मागे घ्या.

नाव नुसती पुढच्या विंचच्या (नाव ओढून घेणाऱ्या चरखीच्या) पट्ट्यावर सोडू नका, मागून दोन पट्टे ट्रॉलीच्या सांगाड्याला आवळा. हुकाखाली दोन साखळ्या एकमेकींवरून आडव्या घाला, म्हणजे गोळ्यावर बसणारा दांडीच्या टोकाचा कपलर निसटला तरी दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल.

आणि बेअरिंग! प्रवासात हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग बसवलेला मधला भाग, तापतो. तो तसाच थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुढे ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंग गंजतं आणि भर रस्त्यात चाक जाम होतं. काठावर पोचलात की हात लावून बघा, हब निवल्याशिवाय पाण्यात उतरवू नका.

शेवटचं. आमच्या राज्यात नाव रस्त्यावर आणताना तळाचं बूच काढून ठेवणं आणि अंगावरचं सगळं शेवाळ-गवत झाडणं कायद्याने बंधनकारक आहे. एका तळ्यातली घाण दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. तुम्ही गोसीखुर्दमधून मामा तलावात निघाला आहात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

टोरंटोहून

दादा, आमच्याकडे ओडिसी आहे, तेवढ्यापुरतं सांगते. नाव पाण्यात सोडणं सोपं, वर काढणं अवघड. चढावर नाक वर करून गाडी उभी राहिली की वजन मागच्या चाकांवर जातं, ट्रॉली त्यात भर घालते, आणि जोर मात्र पुढच्या चाकांना लावायचा असतो. शेवाळावर ती जागच्या जागी फिरतात. म्हणून गाडी गरजेपेक्षा एक वीतही खाली नेऊ नका. क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते, तिथे ट्रॉलीचा भार कामी येईल. पण तीच चाकं पाण्याच्या सगळ्यात जवळ, हेही ध्यानात ठेवा. उतारावर चालकाशिवाय गाडीत कुणी बसायचं नाही, मुलं तर नाहीच. चाकांमागे लाकडी ओंडके, काचा खाली.

पवनीहून

ताई, दादा, दोघांचेही आभार. सगळं छापून भावाच्या हातात दिलं.

एर्टिगाच्या पुस्तिकेत आकडा सापडला नाही, म्हणून ती बाद. क्रिस्टाला खाली ट्रकसारखी चासी आहे, हुक तिलाच बोल्टने बसवला. धर्मकाट्यावर नाव-ट्रॉली मिळून 410 किलो भरली. मग धानाचे कट्टे मोजायच्या काट्यावर दांडीचं टोक ठेवलं, तर भार अवघा 15 किलो. मिस्त्रीने नागपुरात आस बरोबर मधोमध घातला होता. आस मागे सरकवून घेतला, आता 45 भरतो. मोठेबाबा काट्याशेजारी बसून बघत होते. म्हणाले, "हे तर आमाले पयलेच मालूम होतं, विचारलं असतं तं सांगतलं असतं." खरोखरच सांगितलं असतं. त्यांची सारी उमर बंडीवर गेली.

ट्रॉलीला ब्रेक नाहीत, म्हणून वेग कमीच ठेवणार आहोत. क्रिस्टात दोघंच बसू, बाकी घर एर्टिगात मागून येईल आणि पट्टे, चाकं, दिवे यांवर नजर ठेवेल. त्या दिवसांत अर्ध्या सडकेवर धान वाळत घातलेलं असतं, आणि अंधारात दिव्याविना बंड्या चालतात, त्यामुळे निघायचं ते उजाडल्यावरच. मोटार वाहन कायद्याच्या 61व्या कलमाप्रमाणे ट्रॉलीची नोंदणी वेगळी लागते, तो अर्ज केला आहे. नंबर हाती आल्याशिवाय सडकेवर काढणार नाही. ट्रॉली मागे घेण्याचा सराव धानाच्या बांधीत चालू आहे. गावातला ट्रॅक्टरवरचा पोरगाच शिकवतो: हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, ट्रॉली जिकडे न्यायची तिकडे हात न्या.

उतरण्याच्या जागेचं म्हणाल तर आमच्याकडे देखणी सोय आहे, आणि ती बघताना पोटात कालवतंही. धरणात गेलेल्या गावांकडे जाणारी जुनी डांबरी सडक सरळ पाण्यात उतरते. पक्की, सावकाश उताराची. त्याच सडकेवरून नाव वर काढू. क्रिस्टा कोरड्यावर उभी ठेवून मधे जाड दोर लावायचा विचार आहे.

बुचाची गोष्ट मात्र मी घरात सगळ्यांना बसवून वाचून दाखवली. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हान आणि वैनगंगेवाटे गोसीखुर्दात येतं, त्यावर इथे जलपर्णी माजली आहे. तिकडे अर्जुनीकडे बाया कंबरभर पाण्यात उभ्या राहून बेशरम उपटतात, मग तलावात माशांना खायला-लपायला लागणारी देशी पाणवनस्पती लावतात. त्यांच्या तलावात आमच्या नावेच्या बुडाला चिकटून जलपर्णीचं एक रोपटं गेलं तर ते आम्हालाही पाहवणार नाही. नाव आधी अंगणात उलटी करून धुऊ, कडक उन्हात वाळवू, दोर आणि पट्टेसुद्धा. मगच ट्रॉलीवर चढवू.

एक विनंती. हबवर बसणाऱ्या स्प्रिंगच्या ग्रीस टोप्या इथे मिळाल्या नाहीत. हबचं तोंड आतून 50 मिलिमीटर भरतं. नागपूरला कुणी येणार असेल तर एक जोडी आणाल का? पैसे लगेच देतो, विमानतळावर घ्यायला येतो.